साक्षीदाराची खुर्ची

फोन उचलल्यावर ते पहिले दोन-तीन क्षण काहीच बोलत नसत. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राही आणि हे तोंड किंचित उघडं ठेवून नुसते ऐकत उभे असत. मग म्हणत, "हौ, लाइन साफ आहे. बोला." खांबावरच्या तारा गेल्या, मोबाइल आले, तरी ही सवय गेली नाही. नव्या माणसाला वाटे फोन कटला. तो परत लावी, आणि परत तेच.

तोंड उघडं ठेवण्यालाही कारण होतं. तोंड मिटलेला माणूस स्वतःचाच श्वास ऐकत बसतो, असं त्यांचं म्हणणं. मी ते करून पाहिलं आहे. खरं आहे.

बालाघाटला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी कितीतरी वर्षं भाड्यानं राहतो आहे. ते घरमालक, मी एका कॉलेजचा ग्रंथपाल. मी त्यांना काका म्हणत असे, ते मला सर. मागच्या पौषात ते गेले. माझ्या हातून त्यांचं एक नुकसान झालं होतं आणि ते मी त्यांच्या हयातीत त्यांना सांगितलं नाही. आता लिहायला बसलो आहे, तरी सरळ तिथं पोचायची हिंमत होत नाही, म्हणून त्यांच्या सवयींपासून सुरुवात करतो.

काकांनी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. दोष शोधणं हे त्यांचं काम. खांबावर चढून, तारेला यंत्र लावून, दोष राजेगावच्या अलीकडे आहे की पलीकडे हे नुसतं ऐकून सांगत, असं त्यांच्याबरोबरचे लोक म्हणत. काका स्वतः एवढंच म्हणत, "फॉल्ट लबाडी करत नाही. जसा हाये तसा वाजते. लबाडी करते ते सांगणारा."

म्हणून त्यांना कोणी निदान सांगितलेलं चालत नसे. शेजारच्या बाई एकदा फाटकातूनच म्हणाल्या, "अंकल, मोटर जल गई हमारी."

"जली के नहीं जली, वो मैं देखूँगा," काका म्हणाले. "तुमको सुनाई क्या दिया, वो बोलो."

"अब आवाज जैसी आवाज थी, अंकल."

"करके बताओ."

त्या बाईंनी भर रस्त्यात, डोक्यावरचा पदर सावरत, पाण्याच्या मोटरीचा आवाज काढून दाखवला. काकांनी डोळे मिटून ऐकला, परत काढायला लावला आणि म्हणाले, "मोटर ठीक है. हवा पकड़ रही है. पाइप देखो." पाइपच निघाला.

एका शोकसभेतली गोष्ट शहरात बरेच दिवस सांगितली जाई. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे होते. तेवढ्यात काका मंचाखाली सरपटत शिरले. लाउडस्पीकरमधून घुं असा आवाज येत होता आणि भाषणं चालू असताना तो शोधता येत नव्हता. ज्यांची सभा होती त्यांच्या मुलानं खाली वाकून पाहिलं, तर आतून आवाज आला, "अर्थिंग गेलती. आता बोला तुम्ही."

निवृत्तीनंतर त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यात लिनक्स नावाची सिस्टीम टाकली. साठी उलटल्यावर, एका बोटानं टाइप करत, स्वतः शिकले. लिनक्सच काहून, असं विचारलं तर सांगत, "दुसरी सिस्टीम म्हणते, कुछ गलत हो गया. अरे, काय गलत झालं ते सांग ना. हे लपवत नाही. विचारलं का सांगते." कॉम्प्युटरनं पडद्यावर ओळींमागून ओळी सांगितल्या की ते त्या मोठ्यानं वाचत, पोथी वाचावी तशा, ठेका धरून.

कॉम्प्युटरच्या शेजारी एक छोटी लोखंडी डबी होती, पानाच्या डब्याएवढी. एका बाजूनं तिच्यात यूएसबीची वायर जाई, दुसऱ्या बाजूनं स्पीकरची निघे. कॉम्प्युटरजवळ गाणं नसतं, नुसते आकडे असतात. आकड्यांचा आवाज करायचं काम ही डबी करते, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. तिला ते दुभाषी म्हणत. "आपण बालाघाटवाले सारे दुभाषीच की. घरात एक, बजारात एक. पण दुभाष्यानं मधात आपलं काही घालू नये, सर. जे आलं ते तसंच पलीकडे द्यावं."

त्या दुभाष्याकडून ते ऐकत काय, तर मंडईतली दंडार. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर दंडारीची नाचगाणी चालतात. तरुणपणी काकांनी आपल्या गावची दंडार कॅसेटवर भरून आणली होती. ती कॅसेट त्यांनी कॉम्प्युटरमध्ये उतरवली. ढोलकी, झांजा, मधेच कोणीतरी खोकतं, दूर कुत्रं भुंकतं. पंधरा मिनिटांचा तो तुकडा मला इतका पाठ झाला आहे की त्या खोकणाऱ्या माणसाला मी आवाजावरून ओळखीन.

त्या तुकड्यात एक टिक येऊ लागला.

अगदी बारीक. कोणी नखानं काचेला एकदा टिचकी मारावी तसा. कधी दोन मिनिटांनी, कधी लागोपाठ दोनदा. काकांनी लगेच सांगितलं, हा कॅसेटमधला नाही. "टेपमधला असता तं रोज त्याच जागी आला असता. हा फिरून राह्यला. म्हणजे दोष वाजवण्यात आहे."

मग त्यांनी एक्स्चेंजची पद्धत घरात आणली. लांबलचक रजिस्टर आखलं. दोष शोधायचा तो बाहेरून आत: आधी खांब, मग तार, मग यंत्र. एका वेळी एकच बदल. आणि तक्रार बंद करायचा हक्क दुरुस्त करणाऱ्याचा नाही. ज्याची तक्रार, त्यानं स्वतःच्या तोंडानं 'ठीक आहे' म्हटलं पाहिजे. इथं अडचण अशी की दुरुस्त करणारे तेच आणि तक्रार करणारेही तेच. त्यामुळे त्यांना साक्षीदार हवा होता. त्यांनी मला निवडलं. मी कमी बोलतो, म्हणजे जास्त ऐकत असणार, असा त्यांचा समज.

दर रविवारी दुपारी मी खाली जाई. कॉम्प्युटरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, वेताच्या खुर्चीवर बसायचं. "टिक आला का बोट वर. शंका आली तं बोट नाही. शंका म्हणजे नाही." मागं बसून काका माझी बोटं मोजत आणि स्वतःला ऐकू आलेले टिकही मोजत. रजिस्टरात दोन खाने: 'माझे' आणि 'साक्षीदार'. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहायचे. "दुसऱ्याचा आकडा पाहून आपला लिहू नये," हे त्यांनी पहिल्या रविवारीच सांगितलं. आमचे आकडे बहुतेक जुळत. जुळले की ते इतके खूश होत की टिक अजून गेला नाही हे विसरून जात.

ऐकताना फ्रीज बंद. पंखा बंद. बालाघाटच्या वैशाखातही बंद. काकू आतून म्हणत, "गाणं ऐकता ऐकता मरून जाईन माणूस इथं."

"मरताना काय ऐकू आलं ते सांगजो," काका म्हणत.

काकू चहा आणून ठेवत आणि परत आत जात. कप बशीवर वाजू नये म्हणून त्या बशीत फडकं घालून आणत.

वायर बदलली. यूएसबीची जागा बदलली. डबीला वीज वेगळी दिली. माऊस काढून ठेवला. टिक असेलच तर लगेच पुढचा बदल, परत पंधरा मिनिटं, परत बोटं, असं दिवेलागणीपर्यंत. हळूहळू बाहेरचं संपून आतलं सुरू झालं. कॉम्प्युटर आकडे कोणत्या वेगानं पाठवतो, किती आकडे एका वेळी पाठवतो, असं काय काय. आता पुढचा बदल ठरवायला मधले कितीतरी दिवस काका वाचत बसत आणि रविवारची वाट पाहत. मी वाट पाहत नसे. आधी गंमत वाटली, मग सवय झाली, मग मला रविवार नकोसा होऊ लागला. ते मी त्यांना सांगू शकलो असतो. 'काका, हा रविवार जमणार नाही' एवढं वाक्य मला बोलता आलं नाही.

त्या रविवारी मी वर टेबलावर एक कादंबरी उघडी पालथी ठेवून आलो होतो. शेवटची तीस-चाळीस पानं उरली होती. काकांनी अकरावा बदल केला आणि दंडार लावली. घाम कानामागून उतरत होता. ढोलकी सुरू झाली, आणि पहिला टिक आला.

मी बोट वर केलं नाही.

का, ते तेव्हा मी स्वतःला विचारलंही नाही. वर केलं असतं तर बारावा बदल, परत पंधरा मिनिटं. दुसरा टिक आला. माणूस खोकला, कुत्रं भुंकलं, तिसरा आला. माझा हात मांडीवर होता. पुढं मी ऐकायचंही सोडलं आणि भिंतीवरचा रंगाचा पोपडा पाहत बसलो.

दंडार संपली.

"नाही आला?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

"एकदा बी नाही?"

"एकदाही नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मी वळून पाहिलं तेव्हा ते रजिस्टरात लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. "जा सर तुम्ही," म्हणाले, "लई वेळ घेतला तुमचा." चहा न घेता मी वर गेलो आणि ती पानं वाचून संपवली. त्या कादंबरीचा शेवट आज मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी बोलावलं नाही. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

काही दिवसांनी ते गाडीनं गोंदियाला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आले. वयाच्या मानानं ठीक आहे, थोडी घट आहे, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी त्यातलं 'ठीक' सोडलं आणि 'घट' धरली. कॉम्प्युटरवर टॉवेल पडला. शेजारच्या बाई परत मोटरीची तक्रार घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "अब मेरे कान का भरोसा नहीं. ऊपर सर हैं, उनको सुनाओ." त्या खरंच वर आल्या. मोटरीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी त्यांच्या अंगणात जाऊन मान तिरकी करून उभा राहिलो आणि मिस्त्री बोलवा असं सांगून परत आलो.

मग जिन्याखालून हाका येऊ लागल्या. "सर, कुकरची शिटी झाली का? किती झाल्या?" "सर, फाटक वाजलं का आता?" मी वरून सांगे, तीन झाल्या, नाही वाजलं. ते माझ्यावर विश्वास ठेवत. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ते फोन उचलल्या उचलल्या 'हॅलो' म्हणू लागले आहेत. लाइन ऐकायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ते हसले असते. महिन्यानं सांगितलं असतं तर रागावले असते, दोन-चार दिवस बोलले नसते. नंतर सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी अंदाज करत राहिलो आणि अंदाज करण्यातच दोन वर्षं गेली. एकदा मात्र अगदी ओठावर आलं होतं. मी कॉलेजातून येत होतो, ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "काका, त्या टिकचं मला तुम्हाला—"

"सोडा सर ते," ते म्हणाले. "तुम्ही होते म्हणून समजलं मले. नाही तं मी त्या बिचाऱ्या दुभाष्यालेच दोष देत बसलो असतो. जे जसं हाये तसं सांगणारा माणूस लागते."

मी जिना चढून वर गेलो.

पौषातल्या एका सकाळी अंगणात दात घासता घासता ते खाली बसले, ते उठले नाहीत. त्यांच्या शोकसभेत लाउडस्पीकर घुं करत होता. दोन मिनिटं सगळे माना खाली घालून उभे होते आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मंचाखाली कोणी गेलं नाही. मीही नाही.

तेरवीनंतर काकूंनी मला खाली बोलावलं. त्या सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. "ते डबडं कोणाले द्यायचं? भंगारवाल्याले देऊ नये वाटते. तुम्हीच पाहा, सर. तुमचं दोघायचंच होतं ते."

टॉवेल काढला. खाली रजिस्टर होतं. शेवटचं लिहिलेलं पान मी उघडलं. बदल अकरावा. माझे: सात. साक्षीदार: शून्य. खाली नेटक्या अक्षरात: 'यंत्र निर्दोष. दोष तक्रारदाराच्या कानात. ठीक आहे.' आणि तक्रारदार म्हणून त्यांचीच सही. मागच्या पानावर करायच्या बदलांची यादी होती. अकरापर्यंत खुणा केलेल्या. बाराव्यापुढे खूण नव्हती: 'प्रोसेसरला गाढ झोपू देऊ नये.' त्याखाली, कॉम्प्युटरला ते कसं सांगायचं याची एक ओळ, एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलेली.

मी तिथंच जमिनीवर बसलो. "काकू, त्या दिवशी आवाज येत होता."

"कोन्त्या दिवशी?"

"मी नाही म्हटलं त्या दिवशी. मला ऐकू आला होता. मी बोट वर केलं नाही. काकांचे कान ठीक होते."

काकूंनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मले बी येत जाये ऐकू."

"तुम्हाला?"

"सैपाकघरातून. फ्रीज बंद राहे ना, मंग सगळंच ऐकू ये. टिक. मंग थोड्या वेळानं टिक."

"मग तुम्ही काकांना सांगितलं का नाही?"

"त्यायनंच मले सांगतलं, सर म्हणते आवाज नाही. सर कॉलेजातले, एवढे पुस्तकं वाचणारे. मले वाटलं, माह्ये बी कान गेले. आता दोघायचे बी गेले म्हटलं, म्हातारपण आलं." त्यांनी सूप एकदा हलवलं. "आन् मले कोणी त्या खुर्चीवर बसवलंच नाही. मी चहाच केला."

थोड्या वेळानं त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि जाऊन फ्रीज बंद केला. पंखा त्या थंडीत तसाही बंद होता. वेताच्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून त्या बसल्या. "लावा," म्हणाल्या.

मी दंडार लावली. बोट कसं करायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. पहिल्या टिकला त्यांचं बोट वर गेलं, ते मला ऐकू येण्याच्या थोडं आधीच. पंधरा मिनिटांत ते सहा वेळा वर गेलं. मग मी काकांनी लिहिलेली ती ओळ एका बोटानं टाइप केली, दोनदा तपासली, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला आणि दंडार पुन्हा लावली. ढोलकी. खोकणारा माणूस. कुत्रं. काकूंचा हात मांडीवर होता, आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला.

"गेला," त्या वळून म्हणाल्या. "काय होतं?"

"कॉम्प्युटर मधेच डुलकी घेत होता. जागा व्हायला क्षणभर उशीर होई."

"इतकंच?"

"इतकंच."

त्या उठून टेबलाशी आल्या आणि रजिस्टराकडे पाहत राहिल्या. "त्यायचे किती लिहिले हायेत त्या दिवशी?"

"सात."

"मंग तुमच्या खान्यात बी सात लिहा. ते शून्य काढून टाका."

मी पेन घेतलं आणि शून्यावर काट मारली. पण सात लिहिता येईना. दुसऱ्याचा आकडा पाहून आपला लिहू नये. तिसऱ्या टिकनंतर मी ऐकलंच नव्हतं; त्या दिवशी मला सात ऐकू आले असंही मी म्हणू शकत नव्हतो. मी त्या खान्यात लिहिलं: 'ऐकू येत होता. मोजला नाही.' खाली आजची तारीख घालून सही केली.

काकूंनी चष्मा लावून ते हळूहळू, मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काहून नाही मोजला?"

"घरी जायची घाई होती, काकू."

"घर तं इथंच वर होतं, सर."